धान कापणीच्या दिवसांत झाडीपट्टी

परदेशातले नातेवाईक ऑक्टोबर उजाडला की लाल-पिवळ्या झाडांचे फोटो पाठवू लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्या महिन्यात साग, ऐन, धावडा सगळे हिरवेगार असतात. त्यांची पानगळ हिवाळा सरताना. शरदात इथं रंग बदलतो तो बांध्यांमधल्या धानाचा. आज पोपटी दिसलेलं शेत आठवड्याभरात पिवळं होतं, तलावांचं पाणी निवळतं, चिखलाचे रस्ते वाळतात आणि चार महिने घरात-शेतात अडकलेली माणसं एकमेकांच्या गावी जाऊ-येऊ लागतात. या दिवसांत मी पुण्याहून वरोऱ्याला उतरलो आणि चंद्रपूर, ताडोबा, नागभीड, वडसा, मेंढा, मार्कंडा, आलापल्ली, भामरागड असं करत थेट सिरोंचापर्यंत गेलो. घाई नव्हती. चंद्रपुरात मित्राच्या घरी आणि नागभीडकडे एका शिक्षकांच्या घरी चांगला मुक्काम केला. त्यामुळे बघण्याइतकंच राहणंही झालं.

वरोऱ्याच्या बाजूनं जिल्ह्यात शिरताना झाडी फारशी दिसत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातली ही काळी माती. वर कापूस नि सोयाबीन, खाली कोळसा. वरोऱ्याजवळचं आनंदवन 1949 मध्ये बाबा आमट्यांनी उभं केलं ते मात्र खडकाळ, नकोशा जमिनीवर. कुष्ठरोगी भीक मागून जगणार असं समाजानं ठरवून टाकलं होतं. त्यांनी तिथं विहिरी खणल्या, तळी बांधली, शेती केली, यंत्रमाग चालवले. आज तिथली गर्द झाडी पाहणाऱ्याला मूळ माळरानाची कल्पना करावी लागते. चंद्रपूर शहर ओलांडून पूर्वेला मूलकडे निघालं की माती बदलते, पीक बदलतं, घरांची छपरं आणि ताटातलं अन्नसुद्धा बदलतं. वैनगंगेच्या खोऱ्यातला तो धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. एका जिल्ह्यात दोन प्रदेश आहेत ही गोष्ट मला नकाशात कधी दिसली नव्हती.

चंद्रपूर शहराची पहिली ओळख चिमण्यांनी होते. महाऔष्णिक वीज केंद्राच्या उंच धुराड्यांची ही ओळ मैलोन् मैल आधीपासून दिसते. केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. पाणी इरई धरणाचं, कोळसा आसपासच्या खाणींचा. पुण्यात मी पंख्याचं बटण दाबतो तेव्हा त्यातली काही वीज इथून आलेली असते, आणि राख मात्र इथंच राहते. सकाळी मित्राच्या आईनं अंगणातल्या तुळशीची पानं धुऊन घेतली तेव्हा त्या राखेचा हिशेब मला कळला. या वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ फिरतात, हे ऐकून मी हसलो. घरातलं कोणी हसलं नाही.

जुनं शहर मात्र गोंड राजांचं. खांडक्या बल्लाळशहानं इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ हे शहर वसवलं असं मानतात. त्याच्या अंगावरचे व्रण झरपटेच्या पाण्यानं बरे झाले, आणि एका सशानं कुत्र्याचा पाठलाग केला ती जागा राणीनं किल्ल्यासाठी निवडली, अशी कथा शहरातला कोणीही सांगतो. परकोट सुमारे 11 किलोमीटरचा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या. दरवाज्यांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. जटपुरा दरवाज्यातून आजही रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या गाड्या जातात. इतिहासाखालून रोज बाजारहाट करणाऱ्या या शहराला त्याचं फारसं अप्रूप नाही. तरी 2017 मध्ये 'इको-प्रो' या इथल्याच संस्थेच्या तरुणांनी परकोटावर वाढलेली झुडपं आणि साठलेला कचरा काढायला घेतला, सलग दोनशेहून जास्त दिवस श्रमदान केलं, आणि त्या वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. आता परकोटावरून चालता येतं.

राणी हिराईचं नाव या शहरात जागोजागी भेटतं. पती बीरशहाच्या मृत्यूनंतर तिनं त्याची भव्य समाधी बांधली आणि राज्यही सांभाळलं. महाकालीचं देऊळही तिनंच उभारलं. नवऱ्याच्या स्मरणार्थ बायकोनं बांधलेली एवढी मोठी वास्तू देशात फार सापडणार नाही. गोंडांचं राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि शंभर वर्षांनी इंग्रजांकडे. पुण्यात शिकलेल्या माझ्यासारख्याच्या इतिहासाच्या पुस्तकात या अनेक शतकांच्या राज्याला जेमतेम एक परिच्छेद होता.

ऑक्टोबरातल्या दोन तारखा चंद्रपूर मनापासून पाळतं. नागपुरातल्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात येऊन लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपूरची दीक्षाभूमी सगळ्यांना ठाऊक आहे; चंद्रपूरची आम्हा पश्चिमेकडच्यांना क्वचितच. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे खाण्याच्या गाड्यांपेक्षा जास्त गर्दी असते. दुसरी तारीख 21 ऑक्टोबर. 1858 मध्ये याच दिवशी बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांनी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं. अठ्ठावन्नच्या उठावात त्यानं अहेरी-घोट भागात इंग्रजांशी लढाई मांडली होती. तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाशी दर वर्षी लोक त्याला अभिवादन करायला जमतात, पिवळे झेंडे घेऊन. 'जय सेवा' हा त्यांचा नमस्कार मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

रोजच्या जगण्यातले बदल मात्र छोटे आणि सतत भेटणारे. पहिला धक्का संध्याकाळचा. चंद्रपूर पुण्याच्या साडेपाच अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. नोव्हेंबरात पावणेसहाला दिवे लागलेले असतात, आणि पहाटही तितकीच लवकर. सकाळचा नाश्ता तर्रीपोह्यांचा. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा. बाजारात 'सांबार' मागितला की कोथिंबिरीची जुडी मिळते आणि तिच्यापासून पुडाच्या वड्या होतात. चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला: "कोणीकडले जी तुम्ही?" पुण्याचा म्हटल्यावर, "मंग त लई दुरून आले जी," आणि दुसरा चहा. या 'जी'नं मला फार लवकर आपलंसं केलं. ओळखदेख नसलेल्या माणसालाही तो मिळतो आणि त्यात ओशाळेपणा नसतो.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत पचली नाही, ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर खराखरा घोटतात. तो आवाज दोन्ही जिल्ह्यांत कुठंही ऐकू येतो. पाहुण्यापुढे खर्ऱ्याची पुडी धरणं हा इथला आदर आहे. सुगंधित तंबाखूला राज्यात बंदी असली तरी पुडी सर्रास मिळते, शाळकरी पोरांनासुद्धा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालतं, आणि त्याची गरज का पडली हे एक दिवस एसटी स्टँडवर बसलं तरी समजतं.

ताडोबा पावसाळ्यात बंद असतं आणि 1 ऑक्टोबरला गाभा क्षेत्र पुन्हा उघडतं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. शेजारच्या अंधारी अभयारण्यासह 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतात. शरदात गवत पुरुषभर उंच असतं आणि वाघ चार हातांवर असला तरी दिसत नाही. म्हणून या दिवसांत पर्यटक नाराज असतात. माझ्या वाट्याला वाघ आला नाही, पण सागाच्या पानांवरचं दव, कोळ्यांची दोन झाडांमध्ये ताणलेली जाळी आणि रस्त्याकडेचे जुने दगडी खांब आले. हे खांब गोंड राजांच्या काळातले. त्यांना दोर बांधून निरोप पाठवण्याची सोय होती असं सांगतात. तळ्याच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, तो देव झाला, आणि त्याच्याच नावानं तळं आणि जंगल ओळखलं जातं. जिथं वाघाशी लढून मेलेल्या माणसाची पूजा होते तिथं वाघ वाचवायचा प्रकल्प आहे, ही या भूमीची खरी स्थिती.

जंगलाच्या कडेच्या गावात राहिल्यावर ती स्थिती कळते. धान कापणीचे दिवस म्हणजे बायका पहाटेपासून बांधीत वाकलेल्या, आणि उभ्या धानात वाघ बसला तर तो दिसत नाही. गाभ्याभोवतालच्या गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. वाघ गावाशेजारी आला की लोकांना आवरणं आणि वनखात्याला कळवणं हे त्यांचं काम. नागभीडच्या वाटेवर एका मावशींना विचारलं, भीती नाही वाटत? त्या विळा न थांबवता म्हणाल्या, "भेव त वाटते जी. पण धान का वाघ कापून देईन?" चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले हे राज्याचं यश आहे, आणि त्याची किंमत मुख्यतः या बायका आणि गुराखी देतात. सफारीच्या जीपमधून या दोन्ही गोष्टी एकदम दिसत नाहीत.

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात दर दोन-चार मैलांवर तलाव लागतो. हे नैसर्गिक नाहीत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा हक्क दिला आणि कोहळी समाजानं या कामात हयात घालवली. उताराच्या जागा नेमक्या हेरून, मातीचे बंधारे घालून, एकाचं सांडलेलं पाणी खालच्याला मिळेल अशा साखळ्या त्यांनी उभ्या केल्या. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेल्यावर ते सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव ठरले. आधी पाळ फुटली की गाव धावत असे. नंतर अर्ज धावू लागला. गाळ साचला, बेशरमाची झुडपं वाढली, अतिक्रमणं झाली. तरीही जे शिल्लक आहेत त्यांच्यावर आजही धान पिकतो, ढिवर मासे धरतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगे घालून शिंगाडे काढतात. काळसर उकडलेले शिंगाडे बाजारात ढिगानं मिळतात. नागभीडच्या मुक्कामात माझं दुपारचं खाणं तेच होतं.

याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन दीड एकर, शिक्षण प्राथमिक. 1983 मध्ये 'पटेल 3' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दर वर्षी निवडून पेरल्या आणि बारीक, भरघोस उतारा देणारी जात तयार केली. त्या काळी मनगटी घड्याळांचा ब्रँड जोरात होता, म्हणून तांदूळ 'एचएमटी' झाला. हा तांदूळ अनेक राज्यांत पोचला, गिरण्यांनी पैसा केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, संपत्ती मिळाली नाही. 2018 मध्ये ते गेले. पुण्यातल्या आमच्या वाण्याकडे पोत्यावर 'एचएमटी' लिहिलेलं असतं, आणि त्यामागे महाराष्ट्रातलाच एक दलित शेतकरी आहे हे मला नांदेडला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आसपास हलका धान कापायला येतो, भारी धान त्यानंतर. कापलेला धान बांधीतच कडपा घालून वाळवतात, भारे बांधतात आणि मळणीआधी त्याचं पुंजणं रचतात. हे पुंजणं रचणं मोठं कसबाचं काम, कारण परतीचा पाऊस आला तर वरून पाणी ओघळून गेलं पाहिजे. कापणीच्या आधी ओल्या मातीत उभ्या धानातच लाखोरी फेकून पेरतात. धान निघाला की खाली लाखोरीचा हिरवा गालिचा तयार असतो. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. या डाळीच्या विक्रीवर अनेक दशकं बंदी होती, पुढे राज्यानं ती उठवली. झाडीपट्टीनं ती खायचं मात्र कधीच सोडलं नाही. शिक्षकांच्या घरी लाखोरीचे वडे, झिंग्यांची चटणी आणि दोन्ही वेळा भात. पोळी मला पाहुणा म्हणून मिळाली.

बलिप्रतिपदेला गायगोधन. रंगवलेल्या शिंगांच्या गायी, गोवारींच्या ढाली, बासऱ्या आणि डफ. भाऊबीज उलटली की मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. प्रत्येक गावाची तारीख ठरलेली आणि सगळ्यांना पाठ. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, लग्नं जुळतात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट हिवाळा चढला की. त्यावर बंदी आली होती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पण मंडईची आणि शंकरपटाची रात्र असते नाटकाची.

देसाईगंज म्हणजे वडसा हे गडचिरोली जिल्ह्याचं उत्तरेकडचं शहर. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं असं माझ्या फेरीत तेवढंच होतं. स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर किराणा आणि कापडाच्या दुकानांमध्येच नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत, प्रत्येकावर नटनट्यांचे फोटो आणि नाटकांच्या नावांचे भडक फलक. अशा पन्नासेक कंपन्या. गावोगावच्या मंडळांची माणसं इथं येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात, गावात तिकीट लावतात आणि उरलेल्या पैशांतून देऊळ, शाळा, मंडळाची कामं होतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हंगाम. अनुदान नाही, महानगरातला समीक्षक नाही, आणि प्रयोगाला हजारो माणसं.

वडशाजवळच्या एका मंडईत मी बसलो. नाटक रात्री दहानंतर सुरू झालं आणि पहाटेपर्यंत चाललं. त्याच गावात त्याच रात्री आणखी दोन नाटकं होती. बायका चटया, पांघरुणं, पोरं आणि भाजलेल्या शेंगा घेऊन आलेल्या. कथानक हुंडा, दारू, जमिनीचा वाद आणि दुरावलेला भाऊ यांचं. मध्येच लावणी, मध्येच विनोदी नटाचं गावच्या सरपंचावर सुटलेलं वाक्य. कंपन्यांकडे तालमीला वेळ कमी, म्हणून आत प्रॉम्प्टर वाक्यं पुरवतो आणि नट त्यातून उभा-आडवा वाट काढतो. पुण्यातल्या नाट्यगृहात दोन तासांत खुर्ची टोचायला लागते. इथं पहाटे चारला माझ्या शेजारचे काकाजी डोळे पुसत होते. शहरी नजरेला हे नाटक भडक वाटेल. पण दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांतून निघून व्यावसायिक झालेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली ही रंगभूमी आहे. तिच्यातले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला तिचं नाव पोचलं.

वडशाहून दक्षिणेला आरमोरी. आरमोरीच्या जंगलात ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. पाखरांपासून अळ्यांची राखण करायला माणूस दिवसभर झाडाखाली गलोल घेऊन बसतो. टसर रेशमाचं साडीत रूपांतर होईपर्यंतचं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी मोबदल्याचं काम हेच. जवळच वैरागडचा किल्ला. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. आता तटावर झुडपं आणि खाली धान. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात शिरला, तेव्हापासून या भागातल्या पुंजण्यांना वाऱ्यापावसाशिवाय आणखी एक धोका आहे.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तीन चतुर्थांश भूभाग जंगल. धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. इथं बहुमतानं काही ठरत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बसते, बायकांसह. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची पद्धत रुजवली: आधी विषय समजून घ्यायचा, मग निर्णय. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या बांबूवर बल्लारपूरचा कागद कारखाना अनेक दशकं चालला, त्या बांबूची किंमत पहिल्यांदा गावानं ठरवली. 2013 मध्ये गावानं सगळी खासगी जमीनही ग्रामदानात दिली. गावातून फिरताना यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. मातीची सारवलेली घरं, अंगणात वाळत टाकलेला धान, कुंपणाला बांबू. बोलायला बसल्यावर मात्र सातवी-आठवी शिकलेला माणूस वनहक्क कायद्याची कलमं सांगतो.

चामोर्शीजवळ वैनगंगा काही अंतर उत्तरेकडे वळते, आणि त्या काठावर मार्कंडा देवळांचा समूह आहे. मध्ययुगातली ही देवळं कोरीव कामानं ओतप्रोत भरलेली. मुख्य देवळाचं शिखर वीज पडून ढासळल्याचं सांगतात. महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकातल्या सकाळी वाळवंटात धुणी धुणाऱ्या चार बायका आणि मी, एवढेच होतो. पुढं घोट-मुलचेराकडे जाताना फलकांवर अचानक सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावं येतात. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची ही गावं. दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू अजून उभे होते, पुकुरात, म्हणजे तळ्यात, मासे होते, आणि दुकानदार माझ्याशी मराठीत, बायकोशी बंगालीत आणि नोकराशी गोंडीत बोलत होता.

आलापल्लीपासून जंगल खरं सुरू होतं. इथं 1953 पासून राखून ठेवलेला सहा हेक्टरांचा सागवानी पट्टा 2014 मध्ये राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. याच भागातला साग बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराला आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला गेला. कमलापूरला राज्यातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प आहे. एकेकाळी हे हत्ती लाकडाचे ओंडके ओढत. पण आता या रस्त्यावर जास्त दिसतात ते सूरजागडच्या टेकड्यांमधून लोहखनिज नेणारे ट्रक. त्यांच्या मागे लाल धुळीचा लोट आणि कडेच्या झाडांची पानं विटकरी. कुणाला काम मिळालं, कुणाच्या देवाचा डोंगर गेला. दोन्ही बोलणी मला एकाच पारावर ऐकायला मिळाली.

वाटेतली पोलीस ठाणी काटेरी तारांच्या भेंडोळ्यांमागे उभी. चाळीस वर्षांच्या नक्षली हिंसाचारानं या तालुक्यांची सगळी ओळखच गिळली होती. माझ्या फेरीनंतर, ऑक्टोबर 2025 मध्ये, मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती या बड्या नेत्यानं साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. रस्ते आणि मोबाइलचे टॉवर त्याआधीच पुढे सरकू लागले होते.

हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये आले तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि माडिया लोकांचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. आज त्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधल्या रुग्णांनाही माहीत आहे आणि 1976 मध्ये सुरू झालेल्या आश्रमशाळेतली मुलं डॉक्टर, वकील, शिक्षक झाली आहेत. पलीकडेच भामरागड, जिथं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं गाव वर्षानुवर्षं जगापासून तुटत आलं आहे. कार्तिकात त्याच पात्रात गुडघाभर निळं पाणी. माडिया पाड्यांवर नवं पीक आल्यावर पंडुम हा सण होतो. देवाला दिल्याशिवाय नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही. 'जोहार' म्हणून हात जोडले की बसायला खाट मिळते.

शेवटचं ठिकाण सिरोंचा. इथून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, आणि घराघरांत तेलुगू. नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा रचतात. समोर गोदावरी-प्राणहितेचा संगम आणि पलीकडे तेलंगणातलं काळेश्वर. मेडीगट्टा बंधाऱ्यामागे फुगलेल्या पाण्यानं तालुक्यातली कितीतरी शेतं बुडवली. त्या बंधाऱ्याचे काही खांब ऑक्टोबर 2023 मध्ये खचले. वडधमला दगड झालेली झाडांची खोडं शेतातच पडलेली आहेत. याच तालुक्यातल्या पोचमपल्लीत कोलकात्याच्या संशोधकांनी प्रचंड आकाराच्या डायनासोरची हाडं खणून काढली आणि त्या सुमारास रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती म्हणून त्याला 'बारापासॉरस टागोरी' असं नाव दिलं. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

या फेरीतून माझं एक मत पक्कं झालं. चंद्रपूर-गडचिरोलीला आपण 'मागास आणि जंगली' या दोन शब्दांत बसवतो, पण तलावांची साखळी, एकमतानं चालणारी ग्रामसभा, शेतकऱ्यानं घडवलेलं वाण आणि अनुदानाशिवाय चालणारी रंगभूमी, या चारही गोष्टी इथल्या लोकांनी स्वतः उभ्या केल्या आहेत. उरलेल्या महाराष्ट्रानं इथून वीज, कोळसा, साग, बांबू आणि लोखंड नेलं. या चारांकडे क्वचितच पाहिलं. वाघासाठी जायचं असेल तर उन्हाळ्यात अवश्य जा. माणसं पाहायची असतील तर भाऊबीजेनंतर जा, ताडोबाच्या गेटपाशी न थांबता मूलच्या रस्त्यानं पुढं चला, आणि मंडई कोणत्या गावची आहे एवढं पहिल्या चहाच्या टपरीवर विचारा. सांगतील, आणि घेऊनही जातील.